रोज चौदाच पेशंट

सिस्टरांनी एमएच्या वर्गात नाव घातलं ते रागाच्या भरात. वय सत्तेचाळीस, नर्सच्या नोकरीला तेवीस वर्षं झालेली, आणि वर्गातली बाकीची पोरं त्यांच्या भाच्यांएवढी. पहिल्या दिवशी त्या आत शिरल्या तेव्हा याच मॅडम समजून पोरं उभी राहिली. त्या मुकाट्याने तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्यावर पोरं ओशाळून खाली बसली.

राग होता एका आलेखावर. चार वर्षांपूर्वी कारखान्यामागच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात त्या एकट्या नर्स होत्या. कारखान्याची पहिली पाळी दोनला सुटायची आणि बायका घरी न जाता थेट केंद्रात येऊन बसायच्या. कुणाचा हात भाजलेला, कुणाला दिवस गेलेले, कुणाच्या कडेवर तापाने फणफणलेलं पोर. मग एक दिवस वरून पत्र आलं, की दुपारचं सत्र बंद करा. सिस्टर तावातावाने आरोग्य अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी शांतपणे एक कागद पुढे सरकवला. त्यावर एक आडवी, निपचित पडलेली रेघ होती. दुपारी पेशंट इतके कमी येतात, की तेवढ्यासाठी केंद्र उघडं ठेवण्यात अर्थ नाही, असं ते म्हणाले. सिस्टरांनी रोज डोळ्यांनी पाहिलेली गर्दी त्या रेघेत कुठेच नव्हती. पण त्यांना ती रेघ वाचता येत नव्हती, त्यामुळे तिच्याशी भांडताही येईना. सत्र बंद झालं, त्यांची बदली मोठ्या इस्पितळात झाली.

ऑफिसातल्या कुणीतरी आकडे फिरवले, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. आकडे कसे फिरवतात ते शिकायचंच, म्हणून कधीकाळी बाहेरून केलेल्या बीएच्या जोरावर त्यांनी उपयोजित अर्थशास्त्राच्या संध्याकाळच्या वर्गात प्रवेश घेतला. पहिल्या वर्षी गणिताने त्यांच्या नाकी नऊ आणले. सुतारकाम करणाऱ्या नवऱ्याने स्वयंपाक अंगावर घेतला आणि तक्रार न करता स्वतःच्या हातच्या जाडजूड पोळ्या खाल्ल्या. सिस्टर काठावर का होईना, पास झाल्या.

दुसऱ्या वर्षी शिकवणाऱ्या मॅडमनी एक खरा अभ्यास करायला दिला. तीस आरोग्य केंद्रांची तीन वर्षांची माहिती, रोज किती पेशंट आले ते. केंद्रांची नावं काढून टाकलेली, नुसते क्रमांक ठेवलेले. सिस्टरांच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर एक मुलगी बसायची. तोंडाला क्षणाची उसंत नसल्यामुळे सगळे तिला बडबडी म्हणत. तिनेच ते पहिल्यांदा पाहिलं.

"सिस्टर, हे अकरा नंबरचं केंद्र बघा. सोमवारी चौदा, मंगळवारी चौदा, शुक्रवारी चौदा. दोन वर्षं दुपारी रोज चौदाच पेशंट. लोक काय आपापसात ठरवून आजारी पडायचे?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. हे महिनाअखेरीला कुणीतरी एका बैठकीत भरून टाकलेलं दिसतंय, अकरा नंबर वगळा, असं त्या म्हणाल्या.

सिस्टरही हसत होत्या. हसता हसता त्यांची नजर पुढच्या रकान्यांवर गेली. नर्स एक. जवळ कारखाना. दुपारचं सत्र बंद झाल्याचा महिना. महिनाही तोच होता.

आता सगळं आठवलं. दोन ते पाच मान वर करायला फुरसत नसायची, तिथे नोंद कोण करणार? महिना संपला की क्लार्कचा फोन यायचा, तक्ता पाठवा. मग त्या कोरी पानं पुढे ओढायच्या आणि सगळीकडे चौदा लिहून मोकळ्या व्हायच्या. तिथल्या पहिल्या आठवड्यात, अजून लोकांना केंद्र माहीत नव्हतं तेव्हा, त्यांनी नीट मोजले होते. ते चौदा निघाले होते.

वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "अकरा नंबरचं केंद्र माझं आहे. ते मी भरलंय."

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि खरे पेशंट किती होते ते विचारलं.

"चाळीस तरी असतील. पण माझ्या तोंडी सांगण्याला काय किंमत? तेव्हाही मी तोंडीच सांगत होते."

मॅडमनी अकरा नंबरचा तक्ता पुन्हा उघडला. मग म्हणाल्या, "तुम्ही लिहिलं नाहीत, पण दुसऱ्या कुणी लिहिलं असेल. पेशंट वाढले की काय जास्त लागायचं?"

"सुया," सिस्टर म्हणाल्या. "बँडेज. ते मोजून मिळायचं."

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नावं काढलेली आहेत, आपण गप्प बसलो तर कुणाला कळणारही नाही, हेही सांगितलं. त्याने त्यांचीच बाजू घेतली. समोर आजारी बायका बसलेल्या असताना वही कोण भरत बसेल, असं त्याचं म्हणणं.

"अहो, वही भरली नाही याचं मला काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण कोरी ठेवायची होती. कोरी पानं बघून कुणीतरी विचारलं असतं. मी चौदा लिहिलं आणि सगळ्यांचं समाधान झालं."

पुढचे सहा शनिवार त्या औषधांच्या गोदामात बसल्या. तिथल्या स्टोअरकीपर काकांनी कुरकुरत जुन्या मागणीपत्रांची पोती काढून दिली, आणि तिसऱ्या शनिवारपासून स्वतःच शेजारी बसून तारखा वाचून दाखवू लागले. मॅडमनी केंद्रांची नावं मिळवून दिल्यावर, नीट नोंदी ठेवणाऱ्या केंद्रांत दर पेशंटमागे सुया किती लागतात, बँडेज किती लागतं, ते आधी काढलं. मग अकरा नंबरला किती गेलं त्यातून सकाळच्या नोंदलेल्या पेशंटचं वजा करून दुपारचा हिशेब मांडला. उत्तर त्रेचाळीस आलं. मॅडमनी मात्र छत्तीस ते पन्नास असं लिहायला लावलं. एवढा ढिला आकडा सिस्टरांना लाजिरवाणा वाटला.

"जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहायचं," मॅडम म्हणाल्या. "छत्तीस धरले तरी सत्र बंद करण्यासारखं नव्हतं."

प्रबंधात 'संबंधित कर्मचाऱ्याने नोंदी भरल्या' असं लिहिलं तरी चालेल, अशी सवलत मॅडमनी देऊ केली होती. सिस्टरांनी तिसऱ्या प्रकरणात सरळ लिहिलं: या नोंदी प्रस्तुत संशोधिकेने स्वतः, न मोजता भरल्या होत्या. टाइप करून देणाऱ्या बडबडीने ते वाक्य दोनदा वाचलं. मग खालच्या आवाजात तिने त्या दिवशीच्या थट्टेबद्दल माफी मागितली. तू पाहिलं नसतंस तर मी कुणाचा तरी राग करतच मेले असते, असं सिस्टरांनी तिला सांगितलं.

प्रबंध छापून झाल्यावर एक प्रत घेऊन त्या पुन्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेल्या. साहेब तेच होते, केस तेवढे पिकले होते. त्यांनी तिसरं प्रकरण समोरच वाचलं. सिस्टर उभ्याच होत्या.

"सिस्टर, याची मला दखल घ्यावी लागेल," ते म्हणाले.

"घ्या. त्यासाठीच आणलंय."

साहेबांनी पानं मिटली. "रोज चौदा. दोन वर्षं. मी त्यावर सही केली, आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. केंद्र इथून पंधरा मिनिटांवर आहे."

त्यांनी समोरची खुर्ची दाखवली तेव्हा कुठे सिस्टर बसल्या.

दुपारचं सत्र आठवड्यातून तीन दिवस, प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालं. नर्सबरोबर नोंदीसाठी एक वेगळी बाई नेमली. सिस्टरांची तिथे बदली काही झाली नाही. उलट त्यांच्या नावाने मेमो निघाला आणि हेड नर्सची बढती वर्षभर पुढे गेली. एमएचा निकालही त्याच आठवड्यात लागला. दुसरा वर्ग, प्रबंधाला मात्र वर्गात सगळ्यांत जास्त गुण.

नवऱ्याने प्रमाणपत्रासाठी सागवानी चौकट करायला घेतली आणि मेमोचं काय करायचं ते अर्धवट थट्टेत विचारलं. सिस्टरांनी तो पगाराच्या कागदांबरोबर कपाटात ठेवला, पांढरी साडी नीट केली, आणि वॉर्डात एक नर्स कमी होती म्हणून रोजच्यापेक्षा तासभर आधीच कामाला निघाल्या.