साडेआठ पट्ट्यांचा रस्ता

मी एक जुनी मोजपट्टी आहे, मित्रांनो. इतकी जुनी, की माझे पहिले तीन आकडे बोटे लागून लागून पुसले गेले आहेत. कारखान्यात मला मेणकापडातून कापले, दोन्ही बाजूंना आकडे छापले आणि टोकांना पितळी टोप्या चढवल्या. लांबी बरोबर पाच फूट. जगात याहून मोठे काही मोजायचे असते, हे मला ठाऊकच नव्हते.

एका शिंपीणबाईंनी मला विकत घेतले आणि गळ्यात घातले. मग काय, छात्या, कंबरा, बाह्या! पोट आत ओढून उभे राहणारे कितीतरी लोक मी पाहिले, पण भीड कुणाचीच ठेवली नाही. "टेप खोटं बोलत नाही हं," असे बाई म्हणत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

बाईंचे दुकान एका वळणावर होते आणि मागच्या खोल्यांत घर. तिथे त्यांचे सासरे राहत. बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, सासऱ्यांची थोरली बहीण राहायची. तिला सगळे अक्का म्हणत. पूर्वी भावाची रोजची संध्याकाळ अक्कांकडेच जायची.

मग रस्ता रुंद झाला. आता धंदा वाढेल, असे लोकांना सांगितले होते; झाले भलतेच. गाड्या सुसाट जाऊ लागल्या आणि थांबेना कुणीच. तीन दुकानांना कुलपे लागली. एका गाडीने सासऱ्यांना नुसता धक्का दिला आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, धीर मात्र जुळला नाही. सून हात धरून नेते म्हणाली, तरी ते रस्त्याच्या कडेवरूनच मागे फिरत. अक्कांचे गुडघे तर केव्हाच कामातून गेले होते. तीन वर्षे ही दोन भावंडे आपापल्या खिडकीतून एकमेकांना टॉवेल हलवून दाखवत होती.

एका सकाळी अक्कांचा टॉवेल हललाच नाही. शेजारणीने येऊन सांगितले, ताप आहे, झोपून आहेत. सासरे दिवसभर खिडकीशी बसले. संध्याकाळी म्हणाले, "सूनबाई, ती गेली तर मी इथूनच बघायचं का गं?"

नगरपालिकेच्या कचेरीने पादचारी पूल मंजूर केला होता, पण पैशांचा पत्ता नव्हता. आणि पुलाचा जिना चढण्याइतके पाय असते, तर रडायचे कशाला?

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाईंनी मला गळ्यातून काढले आणि थेट रस्त्यावर अंथरले! माझे दुसरे टोक सायकलदुरुस्तीवाल्याने धरले. पाठीखाली गार डांबर, वर केवढे तरी आभाळ. माझी छातीच दडपली. एकदा, दोनदा, तीनदा... मी साडेआठ वेळा पसरले, तेव्हा कुठे पलीकडची कड आली. मग बाईंनी उभा असलेला ट्रक मोजला. दोन ट्रक एकमेकांना न घासता जायला साडेचार पट्ट्या पुरत होत्या.

"अहो, हा रस्ता ढगळ शिवलाय!" बाई ओरडल्या. "ढगळ कपड्यात माणूस हातपाय पसरतो, तशा गाड्या पसरतात."

"मग? पुन्हा शिवणार?" सायकलवाल्याने विचारले.

"आधी कच्ची शिलाई. नाही बसली तर उसवू."

ती कच्ची शिलाई म्हणजे रस्ता दोन्ही कडांनी आत घेणाऱ्या चुन्याच्या रेघा आणि वाळूची पोती. परवानगी मागितली, तेव्हा कचेरीतल्या इंजिनिअर साहेबांनी माझे पुसलेले आकडे पाहून नाक मुरडले आणि स्वतःची पोलादी पट्टी काढून रस्ता मोजला. फरक निघाला चार बोटांचा.

"शिलाईला सोडलंय, साहेब," बाई म्हणाल्या. साहेबांना हसू फुटले. आठ दिवस मिळाले; नवव्या दिवशी पोती उचलायची, ही अट.

आळीतल्या सगळ्यांनी मिळून वळणावर पोती लावली. पहिला ट्रक आला आणि, मित्रांनो, मी थक्क झाले. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी हात आडवा केला नाही. फक्त जागा कमी झाली आणि एवढे मोठे धूड शहाण्यासारखे हळू झाले! वाळू आणि चुना, दुसरे काही नाही. मोठमोठ्या पाट्यांना जे जमले नव्हते, ते आमच्या पोत्यांनी केले. दोन दिवसांनी एका गाडीने चार पोती फोडली. लोकांनी ती कुरकुर करत का होईना, पुन्हा शिवली. हळू झालेल्या गाड्या थांबूही लागल्या. बाईंकडे अनोळखी गिऱ्हाईक आले.

सासरे मात्र जागचे हलले नाहीत. नवव्या दिवशी साहेब मजूर घेऊन आले. पहिले पोते उचलले जाताना सासरे बाहेर आले. बाईंनी हात पुढे केला.

"नको," ते म्हणाले. "धरलास तर मला कळणार कसं?"

ते निघाले. बाईंच्या मुठीत मी होते. ती मूठ इतकी घट्ट झाली की माझी एक पितळी टोपी निखळली. मधेच एक ट्रक आला आणि थांबला. ड्रायव्हर बाहेर वाकून म्हणाला, "या आजोबा, सावकाश."

सासरे पलीकडे पोचले. दार उघडले आणि रस्त्यावर इतकी शांतता होती, की तापातून उठलेल्या अक्कांचा आवाज आम्हाला इकडे स्पष्ट ऐकू आला.

"चपला बाहेर काढ! आत्ताच पुसलंय!"

इंजिनिअर साहेबांनी चष्मा काढून पुसला. मजुराला म्हणाले, "ठेव ते पोतं जागेवर."

आता तिथे पक्की दगडी कड आहे. पुलाच्या एका जिन्याच्या पैशांत ती झाली. कुलपे लागलेली तिन्ही दुकाने उघडली आहेत. दुसऱ्या आळीतले लोक मला मागून नेतात. त्यात मी आणखी विरले आहे.

म्हणून सांगते मित्रांनो, मला जपून पेटीत ठेवू नका. तुमच्या गल्लीत नेऊन अंथरा. किती इंच भरले, ते विसरलात तरी चालेल. एखादे म्हातारे माणूस कुणाचा हात न धरता पलीकडे गेले, की रस्ता अंगाला बसला असे समजा.