पट्टा काढला की आई बरी

मित्रांनो, आईची मान बरी झाली. अगदी ठणठणीत झाली. आता हे वाक्य विसरून जा. ते कधी घडलेच नाही असे आमच्या घरात ठरले आहे, आणि घराबाहेर मला विचारतो कोण?

मी एक जुना मानेचा पट्टा आहे. माझा रंग मूळचा बदामी होता; सध्याच्या रंगाला नाव नाही. फोमच्या एका मोठ्या लादीतून आम्हा भावंडांना कापून काढले. थोरला खुर्चीची गादी झाला, मधल्याच्या चपला झाल्या. मी वैद्यकीय क्षेत्रात जाणार म्हणून मला ढिगावर जरा हळू फेकले. पुढे औषधांच्या दुकानात एका प्लास्टरच्या मानेवर मी बरेच दिवस बसून होतो. त्या मानेला हात नव्हते, खांदे नव्हते आणि घर नव्हते. त्यामुळे तिला कसलाच त्रास नव्हता. इतकी निरोगी मान मी पुन्हा पाहिली नाही.

मग मला आई भेटली. आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात काम करते. दिवसभर तिथे मान खाली घालून शिवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मान खाली घालून उरलेले सगळे करायचे, असा तिचा क्रम होता. नुसती मान दुखली असती तर ती बोललीही नसती. पण उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या आणि सुईत दोरा जाईना. दुकानाचे मालक हसून म्हणाले, "ताई, आजचा दिवस शेजारणीकडून ओवून घ्या. पण रोज कोण ओवून देणार?" ते हसणे आई घरी घेऊन आली. त्या दुकानाइतके तिचे स्वतःचे दुसरे काहीच नव्हते.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिला तपासले. "मानेत नस दबतेय," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या औषधांच्या दुकानातून मला मागवून माझ्याकडे बोट दाखवले. "हा फक्त पंधरा दिवस. खरं औषध व्यायाम. रोज वीस मिनिटं जमिनीवर सपाट पडायचं, हनुवटी आत घ्यायची, खांदे मागे. आणि जड काही उचलायचं नाही."

"वीस मिनिटं?" आईने असे विचारले, जणू ताईंनी तिच्याकडे वीस एकर जमीन मागितली होती.

मित्रांनो, त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातला सुवर्णकाळ. "मान कोणाची दुखत नाही?" असे वर्षभर म्हणणारे बाबा मला पाहून गंभीर झाले. "पट्टा दिलाय म्हणजे खरंच दुखत असणार," ते म्हणाले. काकांनी पिण्याच्या पाण्याचा कॅन तीन जिने वर आणला आणि पुढे दोन दिवस त्याबद्दलच बोलले. आजीने स्वतःचा कप स्वतः विसळला आणि तो सगळ्यांना दिसेल असा पालथा घातला. मी छाती फुगवली असती, पण फोमला छाती नसते.

पंधरा दिवसांनी ताईंनी मला काढले. "छान सुधारणा आहे," त्या म्हणाल्या. "हा माळ्यावर टाका आणि व्यायाम वाढवा."

आई मोकळ्या मानेने घरी आली. काकांनी दारातच पाहिले. "वा वहिनी, सुटलात एकदाच्या. कॅन खाली ठेवलाय हं."

तिने कॅन आणला. मग स्वयंपाक झाला. मग ती व्यायामासाठी जमिनीवर आडवी झाली. आजी तिला ओलांडून गेली, परत ओलांडून आली आणि म्हणाली, "सूनबाई, पट्टा निघाला ना? मग आता कसलं पडणं?" बाबा पंख्याखाली बसल्या बसल्या म्हणाले, "अगं, पडलीच आहेस तर सोफ्याखाली माझी चप्पल दिसते का बघ." त्या दिवशी व्यायामात चप्पल सापडली.

दुसऱ्या दिवशी आईने मला पुन्हा गळ्यात घातले.

ताई रागावल्या. "मी काढायला सांगितला होता ना? सतत घातलात तर मानेचे स्नायू कामच विसरतील. मान आणखी दुबळी होईल."

"हो ताई. पण हा काढला की मी बरी दिसते."

ताईंनी व्यायामांचा तक्ता वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. त्यांच्या शिक्षणात यावर व्यायाम नसावा. आणि माझी गोष्ट म्हणाल, तर मी गळ्यात असलो की तिची मान बिघडत होती आणि नसलो की तिचे हात. अशा नोकरीत बढती होत नाही.

पुढे बाबांच्या ऑफिसने नव्या इमारतीत कपाटे हलवायला काढली. त्या सकाळी मी बाबांच्या गळ्यात होतो. त्यांना काहीही झाले नव्हते, पण घातल्यावर त्यांनाही थोडे दुखू लागले. संध्याकाळी ऑफिसातली माणसे भेटायला आली. बाबा दोन उशांना टेकून बसले होते. मुंग्या आलेल्या हाताने आईने सगळ्यांना चहा दिला, तेव्हा एकजण तिला म्हणाला, "वहिनी, जपा हो यांना. मानेचं दुखणं वाईट." आई म्हणाली, "ऐकलंय मी."

त्यानंतर काकांचीही मान दुखू लागली. त्यांची फक्त कॅन आला की दुखायची. आणि मग नवा सोफा आला. आणणारे तो जिन्याखाली ठेवून निघून गेले. त्या संध्याकाळी माझ्यासाठी जे झाले ते राजगादीसाठीही झाले नसेल.

"दादा, परवा तुम्ही घातला होता. आज माझा नंबर."

"माझी खरी दुखते."

"तुमची सोफा बघून दुखते."

"दोघं गप्प बसा," आजी म्हणाली. "तुम्हाला पाठीवर घेऊन मी वाढवलंय. पहिला हक्क माझा."

बाबांनी एक टोक धरले, काकांनी दुसरे. माझी चिकटणारी पट्टी शिवणीतून उसवली. आणि या गदारोळात आतल्या खोलीची कडी हळूच लागली. आई जमिनीवर सपाट पडली. हनुवटी आत, खांदे मागे. वीस मिनिटे तिला कोणी हाक मारली नाही. मित्रांनो, हे भांडण रोज संध्याकाळी होऊ लागले, आणि रोज आतली कडी लागू लागली. कॅन कोपऱ्यावरच्या दुकानाचा पोऱ्या आणून देऊ लागला. जिन्याखालच्या सोफ्यावर मांजर व्यायले.

एका रविवारी आई मला शिवायला बसली. तिने सुई उजेडात धरली. दोरा एका झटक्यात आत गेला. ती थांबली. सुईकडे पाहत राहिली. मग मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि एकटीच हसली. उसवलेल्या पट्टीला तिने चार टाके घातले असतील.

मागून बाबांनी हाक मारली, "अगं?"

आईने गर्रकन मान वळवून पाहिले.

"अरे वा," बाबा म्हणाले. "वळते की."

सुई माझ्यातच अडकलेली राहिली. सोफा त्याच दुपारी वर आला. एक बाजू बाबांनी आणि काकांनी धरली, दुसरी आईने. महिना संपायच्या आत बोटांना पुन्हा मुंग्या आल्या. तिने तसे सांगितले, तर बाबा म्हणाले, "मग पट्टा कुठाय?" मी अर्धवट शिवलेला, गळ्यात टिकत नाही. पट्टा नाही, म्हणजे दुखत नाही. आणि आई मधे बरी झाली होती हे कोणालाच आठवत नाही, कारण ते आठवले तर सोफाही आठवेल.

म्हणून मित्रांनो, मी माळ्यावरून खालीलप्रमाणे विनंती करतो.

प्रति, घराघरांतले संबंधित. विषय: जमीन मिळणेबाबत. महोदय, आईला रोज वीस मिनिटांपुरती, एका माणसाएवढी जमीन मंजूर व्हावी. त्या काळात तिला ओलांडू नये व चपलेबाबत विचारू नये. दुखते असे तिने सांगितल्यास पट्ट्याची मागणी न करता ते ग्राह्य धरावे. पुरावा म्हणून सोबत एक सुई जोडली आहे. दोरा ओवलेला आहे. कृपया काढू नये. पुन्हा ओवला जाईलच असे नाही.