नाव पुकारलं तेव्हा

राज्याच्या सभागृहात मी तीनदा निवडून गेलो, मग देशाच्या संसदेत दोनदा. बोललो पुष्कळ, आणि गप्प बसलो तेही मोक्याच्या वेळी. आता पक्ष माझ्या सत्काराची पुस्तिका काढतोय. त्यात ताईनं हट्टानं एक पान घालायला लावलं: टाइल्सच्या कारखान्यातल्या धुळीवरचा माझा प्रश्न. भावोजी तिथेच भट्टीवर होते. फुप्फुसात धूळ साठून गेले.

उद्या छपाई, म्हणून सकाळीच प्रूफ घेऊन ताईकडे गेलो. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हे पान काढतोय," मी म्हणालो.

"का? बाकीच्या पानांत असे काय दिवे लावलेस?"

सभागृहात सभापती नाव पुकारतात, सदस्यानं उभं राहून प्रश्नाचा क्रमांक सांगायचा. जागेवर नसला तर प्रश्न बाद आणि मंत्री सुटले. छापील यादीत मात्र प्रश्न तसाच राहतो. ताईनं ती यादीच जपून ठेवली होती.

"मी तो विचारलाच नाही, ताई. पक्षाध्यक्ष म्हणाले, पाच मिनिटं बाहेर थांब, संसदेचं तिकीट तुझं. लॉबीत चहा पीत उभा होतो. आत माझं नाव दोनदा पुकारलेलं ऐकलं, तरी हललो नाही. तेव्हापासून मला स्वतःची लाज वाटते."

ताईचे हात थांबले.

"हे त्या दिवशी वर गॅलरीत होते," ती म्हणाली. "रजा टाकून आले होते. पासवर तुझीच सही होती."

रोज वीस-पंचवीस पासांवर सह्या करायचो. नावं कोण वाचतो?

"घरी येऊन म्हणाले, तुझ्या भावानं मंत्र्याला घाम फोडला. गल्लीभर सांगत सुटले. पुढे खोकला वाढला तेव्हा मी म्हणायचे, भावाला पुन्हा विचारायला सांगते. तर म्हणायचे, नको, एकदा केलंय त्यानं."

मला तिच्याकडे बघवेना.

"माझं माहेर तुटू नये म्हणून खोटं बोलले रे ते. शेवटपर्यंत."

मग तिनं प्रूफ माझ्यापुढे सरकवलं.

"पान काढू नकोस. खाली लिही, नाव पुकारलं तेव्हा मी जागेवर नव्हतो."

मी खिशातलं पेन काढलं. ती समोर बसून राहिली आणि तिनं ते माझ्याकडून लिहून घेतलं.