इके नावाची दगडी मोगरी

मित्रांनो, मला हातोडी म्हणू नका. हातोडी खिळे ठोकते. मी मोगरी आहे. झाडाची साल कुटून तिचे कापड करणारी, तळहाताएवढ्या चपट्या दगडाची जुनी मोगरी. माझ्या दोन्ही अंगांवर सरळ खाचा आहेत. कडेने वेत वळवून माझी मूठ बांधलेली होती. तो वेत आता नाही. माझ्या मनात राग आहे तो त्याचाच, आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

माझा जन्म सुलावेसी बेटावरच्या डोंगरांत झाला. एका माणसाने नदीतून दगड निवडून आणला, घासून घासून त्यावर खाचा पाडल्या आणि मला आपल्या बायकोच्या हाती दिले. तिच्याकडून मी लेकीकडे गेले, लेकीकडून नातीकडे. उकडलेली ओली साल ओंडक्यावर पसरायची आणि मी तिच्यावर पडायचे. साल रुंद होत जायची, मऊ होत जायची. माझ्या हाताखालचे कापड अंगाला टोचत नाही, असे बायका कौतुकाने म्हणायच्या. त्यांच्या बोलीत माझे नाव इके.

पुढे बाजारात सुती कापड आले. माझे काम कमी झाले आणि वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला उंबऱ्याशी ठेवू लागले. तेही मी सोसले, कारण घर माझेच होते. पण एके दिवशी मालकीण शेतावर गेली असताना जुन्या वस्तू गोळा करणारा एक माणूस आला. तिच्या भावाने मला त्याच्या पिशवीत टाकले. तिला कुणी विचारले नाही.

हिंडत हिंडत मी सिंगापूरला, एका विद्यापीठाच्या कपाटात येऊन पडले. तिथे धूळ नव्हती, ओल नव्हती आणि कामही नव्हते. मित्रांनो, निगा आणि कैद यांत फारसे अंतर नसते, हे मला त्या काचेआड कळले.

मग वल्लरी आली. ती पुण्याची संशोधक. क्वीन्सटाउनच्या भाड्याच्या फ्लॅटमधून रोज लवकर यायची आणि भिंगाखाली माझ्या खाचा बघत बसायची. तिला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. माझ्या डोंगरापासून हजारो मैल दूर, पॅसिफिक महासागरात टोंगा नावाची बेटे आहेत. तिथेही सालीचे कापड करतात आणि तिथल्या मोगरीलाही इकेच म्हणतात. डोळ्याला दोन्हीकडे माता. पाचाला इकडे लिमा, तिकडे नीमा. मग ही माणसे कधीकाळी एकाच कुळातली असतील का? शब्द हो म्हणत होते. तिला आणखी पुरावा हवा होता. माझ्या वेताखाली सालीचा एक जुना धागा अडकला होता. टोंगात ज्या झाडाच्या सालीचे कापड करतात, त्याच झाडाचा तो निघाला असता, तर त्याचे मूळ टोंगाच्या झाडांशी ताडून बघता आले असते. ते झाड आपण होऊन समुद्र ओलांडत नाही; माणसेच त्याची रोपे होडीतून नेतात.

पण धागा काढायचा तर वेत कापावा लागणार होता.

त्याच सुमारास एका प्रदर्शनात माझा फोटो लागला आणि तो येमिमाने पाहिला. येमिमा म्हणजे माझ्या शेवटच्या मालकिणीची नात. ती सिंगापुरात नर्स होती, चोआ चू कांगला राहायची. तिने मला ओळखून विद्यापीठाला कळवले, तेव्हा वल्लरीने तिला बोलावले. टोंगाहून इथे डॉक्टरेट करायला आलेल्या सेइनीलाही बोलावले. वल्लरीचे वरिष्ठ विश्वास सर कॅमेरा आणि एक फलक घेऊन हजर होते. फलकावर लिहिले होते, ‘दुरावलेल्या बहिणी’.

येमिमा आत आली ती बसली नाही. टेबलावर मला पाहताच तिने माझ्या कोपऱ्यावर बोट ठेवले.

“हा टवका माझ्या आईच्या हातून उडाला. आजी मरेपर्यंत हिचं नाव काढायची. तुम्ही हिला कुलपात ठेवलीत.”

“म्हणूनच तुम्हाला विचारतेय,” वल्लरी म्हणाली. “वेत सोडवून आतला धागा तपासू द्याल का? दोन देशांतली माणसं एका कुळातली आहेत का, ते कदाचित कळेल.”

“नाही.”

सेइनीने पिशवीतून आपली लाकडी मोगरी काढून माझ्याशेजारी ठेवली. लांब, चौकोनी, वापराने गुळगुळीत झालेली. “आमच्या गावात रविवार सोडला तर रोज हिचा आवाज असतो,” ती म्हणाली. “हिला कपाटाची गरज पडत नाही.”

येमिमाचा चेहरा तापला. “आम्ही कपाटात ठेवली नाही. आमच्याकडून नेली.”

“मोगरी नेली असेल. कुटणं तर तुम्हीच सोडलंत ना?” मग सेइनी वल्लरीकडे वळली. “आणि आम्ही कोणाचे कोण, ते आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. त्यावर तुमचा शिक्का नको.”

विश्वास सर हसत पुढे झाले. “ते राहू द्या. निदान एक फोटो? दोघींनी मिळून ही दगडी मोगरी धरा.”

“हिची माझी ओळख आत्ता झाली,” सेइनी येमिमाकडे बोट दाखवून म्हणाली. “मला ही आवडलेली नाही.”

“मलाही ही आवडलेली नाही,” येमिमा म्हणाली.

तेवढ्या एका गोष्टीवर दोघींचे एकमत झाले. त्या वेगवेगळ्या लिफ्टने खाली गेल्या.

विश्वास सरांनी फलक भिंतीला टेकवून ठेवला. “काढ तो वेत,” ते वल्लरीला म्हणाले.

“सर, ती नाही म्हणाली.”

“मोगरी विद्यापीठाची आहे. तिला विचारलं, हा आपला चांगुलपणा. वेत काय, दुसरा बांधता येईल. आणि तुझा इथे काम करण्याचा पास संपत आलाय, माझ्या शिफारशीशिवाय पुढचा मिळायचा नाही. घाई तुला आहे, मला नाही.”

वल्लरीने मला हातात घेतले. मला वाटले, ही मला कपाटात परत ठेवील. तिने पाते उचलले. वेत कोरडा होता, एका दाबातच तडकला. मित्रांनो, दगडाला दुखत नाही असे तुम्ही समजता. ज्या वेताने मला पिढ्यान् पिढ्या बायकांच्या हाताशी जोडले होते, तो एका तबकात तुकडे होऊन पडला आणि मी दुसऱ्या तबकात.

आणि धागा कशाचा निघाला? डोंगरातल्या रानउंबराचा. तसला उंबर तिथे जागोजागी वाढतो. त्याने काहीच सिद्ध केले नाही आणि काही खोडूनही काढले नाही. नाते शक्य होते, इतकेच. ते तर शब्द आधीपासून सांगत होते.

थोड्याच दिवसांत विद्यापीठात भाषण होते. सभागृह भरले होते. येमिमा मागच्या रांगेत होती आणि सेइनी तिच्यापासून शक्य तितकी लांब. विश्वास सरांनी वल्लरीला बजावले होते, की वेताचा विषय काढायचा नाही. ती व्यासपीठावर उभी राहिली. दोन्ही तबके तिने स्वतः उचलून आणली होती.

“हिच्या मालकिणीच्या नातीनं नाही म्हटलं होतं,” ती म्हणाली. “तरी मी वेत कापला. त्यातून काही कळलं नाही. कळलं असतं, तरी ते चूकच होतं.”

येमिमा उठून पुढे आली. तिने तुकडे पाहिले. तिचे ओठ थरथरायला लागले. तेव्हा सभागृहाच्या दुसऱ्या टोकाकडून सेइनी ताडताड चालत आली आणि तिच्या कानाशी कडक आवाजात म्हणाली, “यांच्यासमोर रडू नकोस. आधी मोगरी माग.”

येमिमाने मला मागितले, सगळ्यांदेखत. त्या सभेसमोर विद्यापीठाला ते नाकारता आले नाही आणि मी तिच्या हाती आले. विश्वास सर वल्लरीशी त्यानंतर एक शब्दही बोलले नाहीत. तिचा पास वाढला नाही.

मी चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सेइनीने तोआ पायोहच्या एका खुर्च्या विणणाऱ्याकडून वेत मिळवून आणला. तो कसा बांधायचा हे येमिमाला ठाऊक नव्हते. आजीचे ते सांगायचे राहून गेले होते. सेइनीला तर दगडी मोगरीची सवयच नव्हती. दोघी जमिनीवर बसून भांडल्या. गाठ दोनदा सुटली. “तू ओढतेस फार.” “आणि तू धरतच नाहीस.” शेवटी मूठ बसली. वाकडी आहे, पण पक्की आहे. सेइनी आजही येते, आजही भांडते. त्यांना कुणी बहिणी म्हटले तर दोघी सारख्याच चिडतात.

सिंगापूर सोडण्याआधी वल्लरी एका दुपारी दारात आली. येमिमाने दार उघडले, बाहेरची लोखंडी जाळी मात्र उघडली नाही.

“माफी मागायला आले,” वल्लरी म्हणाली.

“ती मी देऊ शकत नाही. वेत आजीचा होता आणि आजी नाही.”

वल्लरीने मान हलवली. ती वळणार, तोच येमिमा म्हणाली, “बघायचं असेल तर तिथूनच बघा.”

येमिमा आत येऊन फळीसमोर बसली. गावाहून मावसबहिणीने आणलेली साल भिजत घातली होती. तिने मला वाकड्या मुठीला धरून उचलले आणि कुटायला सुरुवात केली. हात नवखा होता, घाव कुठेही पडत होते. साल हळूहळू रुंद होऊ लागली. वल्लरी जाळीबाहेर उभी राहून पाहत होती. येमिमाने एकदाही वर बघितले नाही आणि दारही लावले नाही.

मित्रांनो, दूरदूरची माणसे एकमेकांची कोण लागतात, याचा शोध तुम्ही जरूर घ्या. मलाही तो ऐकायला आवडेल. पण शोधासाठी कुणाच्या घरातली वस्तू उचलण्याआधी त्या घराला विचारा. आणि उत्तर ‘नाही’ असे आले, तर हात मागे घ्या.