चीर द्यायच्या आधी

ताईत... टिनाचा, करंगळीच्या पेराएवढा, पोराच्या मांडीला काळ्या दोऱ्यात बांधलेला — एक्स-रे काढताना सोडायचा राहिला आणि आता पडद्यावर पांढराशुभ्र उमटला होता. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टर रेणुकाच्या आजीने असला दोरा कधी घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता... रेणुकाची नजर ताइतावरून खाली हाडावर उतरली आणि तिथेच थांबली. कडेवर पापुद्र्यावर पापुद्रा, कांद्यासारखा; आत वाळवी लागलेल्या वाशासारखी भुरभुर. तिला ओळख पटली — घरच्या माणसाची पावलं अंधारातही ओळखावीत, तशी.

"पू आहे गं," मागून सुहास म्हणाला. दवाखान्यातला सर्जन तो, हात धुवायला निघालेला. "ताप आहे, सूज आहे. तुंगार्लीच्या धरणावर पडलाय. चीर देतो, मोकळं करतो."

"चीर द्यायची नाही."

"फोटो बघून पोराच्या पोटातलंही ओळखशील तू!"

"पोटातलं नाही, मांडीतलं ओळखते. हा हाडाचा कॅन्सर असणार, सुहास. तपासायचा तुकडासुद्धा पुढे ऑपरेशन करणाऱ्यानंच ठरवून काढायचा, पुण्यात. आज तू चीर दिलीस तर तो मांसात पसरेल. मग पाय वाचवणं अवघड."

तो हात न धुताच पडद्याजवळ आला. तिला मागची एक मुलगी आठवली — कुठून तरी अशीच चीर घेऊन आलेली, लाल रिबिनींची, आणि पाय... नको, ते आत्ता नको. तेव्हा उशीर झाला होता. आज झालेला नाही. आज ती वेळेवर आडवी आली होती आणि हे तिला आवडत होतं — हो, आवडत होतं, त्यात लाजायचं काय?

बाहेर बाकावर नऊ वर्षांचा तुषार, शेजारी त्याची आई बबिता. वरच्या वस्तीवरून त्याला पाठुंगळी घेऊन उतरलेली.

"म्याडम, आज फोडलं तर आजच जाऊ ना घरला?"

"फोडायचं नाही, बबिताताई. पू नाहीये. हाडात गाठ आहे. कसली, ते पुण्यात तपासल्यावर पक्कं कळेल. वाईट असू शकते. उद्याच निघायचं, मी फोन करून ठेवते."

"वस्तीवरचे चोळनारे आबा तर म्हनले मुका मार हाय..." बबिता तिच्याकडे बघत राहिली. "फोडायचं न्हाई, नक्की?"

"नक्की."

"मंग आबाबी चोळनार न्हाईत ना?" तुषारने मध्येच विचारलं. "लय जोर हाय त्यांना. पीठ मळल्यावानी चोळत्यात."

"कुणीच चोळायचं नाही."

"तुमी हात लावा पायजे तर. हळू."

तिने हात ठेवला. तापाची ऊब तळव्यात चढली... आतल्या काळोख्या खोलीत तिने पाहिली होती ती सावली. सावलीला ऊब नसते. खात्री तसूभरही ढळली नव्हती. पण आत, त्या खोलीत, ती खात्री तिची एकटीची होती, ताठ, मिरवण्याजोगी. आणि इथे, उजेडात, त्याच खात्रीवर एक पोर खुशाल रेलून बसलं होतं.