खंडेनवमीची केबल

आमच्या कचेरीचे साहेब शेषेराव अडाणी नाहीत. अडाणी असते तर परवडलं असतं.

खंडेनवमीला त्यांनी कचेरीची सगळी हत्यारं पूजली. आमची हत्यारं म्हणजे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि सगळ्या केबली जिथं येऊन मिळतात तो स्टुलावरचा नेटचा डबा. डब्याला हळदीकुंकू, वर झेंडूचा हार, आणि साहेबांनी नारळ फोडला तोही डब्याशेजारीच. पाणी उडालं, टाळ्या वाजल्या, नेट गेलं.

दारात आनंदराज आणि त्यांची लेक लुंबिनी थांबलेले. बाप मजुरी करतो. पोरीचा नर्सिंगला नंबर लागलेला. उत्पन्नाचा दाखला संध्याकाळच्या आत कॉलेजला गेला नाही तर जागा दुसऱ्याला. आणि दाखला निघतो कचेरीच्या लायनीवरूनच, मोबाईलच्या नेटवर नाही.

साहेबांनी एक कॉम्प्युटर बंद-चालू करायला लावला. मग दुसरा. केबलवाला रामकिशन सणाला धर्माबादला गेलेला, त्याला फोनवर झाडलं. मग रस्ता खोदणाऱ्यांचा उद्धार झाला. इकडं डब्यावर बाहेरून येणाऱ्या केबलीचा तेवढा दिवा विझलेला, आंधळ्यालाही दिसावा असा.

"साहेब, भोकात नारळाचं पाणी गेलंय. केबल काढून पुसू द्या," मी म्हटलं.

"पूजा मांडलेली हाय मॅडम. उद्यापस्तोर हात लावायचा न्हाई."

"पोरीची जागा जाईल ना!"

"देवी बघून घेईल की."

बघून घेईल! माझं माहेर देवणीचं. तिथंही विळा-कोयता पूजतात. पण एका खंडेनवमीला बैलाच्या गळ्याला दावं आवळलं, तेव्हा माझ्या बापानं पूजेतलाच विळा उचलून ते कापलं. चौथी शिकलेला माणूस, पण देवीची रजा मागत बसला नाही.

लुंबिनी रडत नव्हती, नुसती घड्याळाकडं बघत होती. तेच मला सोसवेना. मी डब्याचं बटण बंद केलं, हार बाजूला सारला, केबल उपटली, पदरानं खसाखसा पुसली आणि शेजारच्या कोरड्या भोकात खोचली. बटण दाबलं. दिवा लागला.

दाखला निघाला. लुंबिनीनं तिथूनच कॉलेजला पाठवला. मिळाल्याचा निरोप आला तशी ती बापाच्या खांद्याला धरून हमसून रडली.

साहेब डब्यापुढं हात जोडून उभे. "बघितलं मॅडम? देवी कशी धावली!"

"धावली न्हाई साहेब. तिनं मला दोन हात दिलते," मी म्हटलं. "तुमालाबी दिलते."