ताईची तोतया
ताई एका छोट्या दवाखान्यात कवळ्या बनवायची. साच्यावर मेणात एकेक दात बसवायचा, मग घासून गुळगुळीत करायचं, हे बारा वर्षं चाललं होतं. मोठ्या दंतरुग्णालयात जागा निघाली तेव्हा तिने हातची कवळी नेऊन दाखवली. मुख्य डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "फोन करते," म्हणाल्या.

तीन आठवडे फोन नाही. शेवटी ताईच गेली.

"तुम्ही तर नाही म्हणालात की!" बाई चकित झाल्या. "मंगळवारी दुपारी घरच्या नंबरवर तुम्हीच बोललात. वडील अंथरुणाला आहेत, जमणार नाही म्हणालात. आता जागा भरली हो."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंगळवारी दुपारी घरी फक्त अंथरुणाला खिळलेले बाबा आणि वहिनी, धाकट्या भावाची बायको. सगळ्यांचे आवाज काढून घर हसवणारी वहिनी. ताईचा तर हुबेहूब.

घरी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"माझ्या नावाने फोनवर कोण बोललं?"

वहिनीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. धाकटा भाऊ मध्ये पडला. "अगं ताई, नक्कल केली तिने. गंमत."

"समोरच्याला नक्कल आहे हे कळतं, तेव्हा ती गंमत. ही तोतयेगिरी आहे."

भाऊ फिसकन हसला. "तोतये राजेरजवाड्यांचे असतात. तुझा कोण तोतया होणार?"

ते हसणं तिला फोनपेक्षा जास्त झोंबलं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

भावाने मान खाली घातली. वहिनी मात्र उसळली, "आताच तुम्ही दिवसभर बाहेर, त्या मोठ्या नोकरीत तर बाबांचं सगळं माझ्याच गळ्यात पडलं असतं! मी काय करणार होते?"

"हे मला सांगायचं होतंस. तुझ्या आवाजात."

ताईने रुग्णालयाचा नंबर लावून फोन तिच्यासमोर धरला. "बोल."

वहिनीचा आवाज चिरकला. "त्या दिवशी ताई नव्हत्या. मी त्यांची भावजय. खोटं बोलले."

बाईंनी ऐकून घेतलं. जागा गेली ती गेलीच. पुढची निघाली तर ताईच्या कामावर निरोप पाठवेन, एवढं म्हणाल्या.

ताईने फोन ठेवला. "उद्यापासून बाबांचं सकाळचं मी करेन, दुपारचं ती, संध्याकाळचं तू."

"मला कुठे जमतं?" भाऊ म्हणाला.

बाबांना कुशीवर कसं वळवायचं, ते तिने त्याला एकदाच दाखवलं. वहिनीशी ती अजूनही कामापुरतंच बोलते.